जायची तारीख

माझा धंदा लॉन्ड्रीचा. त्यामुळे लोक तोंडाने काय सांगतात यापेक्षा त्यांच्या चादरी काय सांगतात यावर माझा जास्त विश्वास. रात्रभर कूस बदलत पडलेल्या माणसाची चादर एका कडेला गोळा होऊन येते. गाढ झोपलेल्याची मधोमध चुरगळलेली असते. आणि ज्याने रात्र खुर्चीत बसून काढली, त्याची चादर अंथरली तशीच परत येते, घडीच्या रेघांसकट. समोरच्या गेस्ट हाउसमधून माझ्याकडे या तिसऱ्या प्रकारच्या चादरी फार यायच्या. एकदा मी म्हटलं, "काकू, ही तर वापरलेलीच नाही. उगाच कशाला साबण आणि पाणी?" काकू म्हणाल्या, "वापरली नाही कशी? रात्रभर तिच्याकडे बघत बसले होते ते. धुवा तुम्ही." मी मुकाट्याने धुतली.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर त्यांचं दुमजली गेस्ट हाउस, आणि रस्त्याच्या या अंगाला माझं दुकान. काउंटरवर उभा राहिलो की त्यांचं दार, जिना आणि दाराशेजारचा किल्ल्यांचा फळा थेट डोळ्यांसमोर. यजमान वारल्यावर त्यांनी ते एकटीने चालवलं. उतरायला येणारे सगळे पेशंटचे नातेवाईक. मौजमजा करायला आलेला माणूस मी तिथे कधी पाहिला नाही. खाली सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर होतं. सकाळी तिथे थर्मासची रांग लागायची. कोणी सूप उकळतंय, कोणी दूध गाळतंय, आणि ज्याचं माणूस ऑपरेशनला नेलंय त्याचं दूध उतू जायच्या आत दुसरंच कोणीतरी खाली उतरवतंय.

खोल्यांना नंबर होते, पण ते कोणाच्या लक्षात राहायचे नाहीत. डोक्यात आधीच वॉर्डचा नंबर, खाटेचा नंबर, रक्ताच्या बाटलीचा नंबर. त्यात खोलीचा कुठे कोंबणार? एक बाई तर रोज भलत्याच खोलीच्या कुलपाशी झटापट करत बसायची. शेवटी काकूंनी माझ्याकडून, कोणी न नेलेल्या कपड्यांच्या चिंध्या मागून नेल्या आणि प्रत्येक किल्लीला एक चिंधी बांधली, तशीच एक दाराच्या कडीला. मग निळी खोली, पिवळी खोली, चौकटीची खोली असंच बोलायची पद्धत पडली. चौकटीची चिंधी एका वकिलाच्या शर्टाची. तो शर्ट न्यायला वकील कित्येक महिने फिरकला नाही, आणि फिरकला तेव्हा आमची जी जुंपली ती सगळ्या गल्लीने ऐकली.

त्या घराची आणखी एक पद्धत होती. काकू कोणालाही "किती दिवस राहणार?" असं विचारत नसत. नाव विचारायच्या, पेशंट कोणत्या वॉर्डात ते विचारायच्या, जिना चढवेल का ते विचारायच्या. जायची तारीख मात्र कधीच नाही. पहिल्यापासून असं नव्हतं. नवीन नवीन त्याही पेन सरसावून बसायच्या. तेव्हा एक माणूस आपल्या मुलीला घेऊन आला होता. मुलगी हॉस्पिटलात, हा इकडे. किती दिवस म्हणून विचारलं तर म्हणाला, "डॉक्टर दोन दिवस म्हणतायत." दुसऱ्या दिवशी तो किल्ली घेऊन दारात उभा राहिला आणि माफी मागितल्यासारखा म्हणाला, "दोन दिवस म्हणालो होतो. एकच लागला."

काकूंच्या तोंडून साधं 'बसा'सुद्धा निघालं नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. सांगताना उशांचे अभ्रे मोजत होत्या, मान काही वर केली नाही. त्या दिवसापासून तो प्रश्न त्या घरात बंद झाला.

माणूस म्हणून हे सगळं फार चांगलं होतं. धंदा म्हणून त्यात काही दम नव्हता, हेही सांगून टाकतो. पूर्वी लोक हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर पडायचे, समोरची पाटी वाचायचे आणि रस्ता ओलांडायचे. आता लोक गाव सोडायच्या आधीच मोबाइलवर खोली ठरवून मोकळे होतात. चौकापलीकडे एक काचेचं हॉटेल झालं होतं. ते भरलेलं असायचं आणि इकडे फळ्यावर किल्ल्या लटकत राहायच्या. इमारतीत अर्धा वाटा काकूंच्या धाकट्या दिरांचा. तो माणूस वाईट नव्हता. गुडघे गेलेले, परगावी मुलाकडे राहायचे. एकदा येऊन बसले आणि म्हणाले, "वहिनी, अजून एक वर्ष बघू. भरलेलं दिसलं तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर विकून टाकू. या वयात मला भिंतींची काळजी नको."

काकूंना ते घर सोडायचं नव्हतं. दुसरा आसरा नव्हता म्हणून नव्हे. बहिणीचा मुलगा केव्हापासून 'माझ्याकडे चल' म्हणून मागे लागला होता. पण काकूंचं एकच म्हणणं. "त्या फाटकातून माणूस कधीही बाहेर येतो हो. तेव्हा समोर उजेड असलेलं एक दार हवं." बाकी त्यांना आयुष्याकडून काही हवं होतं असं मला कधी दिसलं नाही.

हा जो भाचा, त्याला मी मास्तर म्हणायचो. वेबसाइट करून द्यायचा त्याचा उद्योग. पण साधं पाणी मागितलं तरी वर्ग घेतल्यासारखा समजावून सांगायचा. त्याने मावशीला वेबसाइट करून द्यायची ठरवली आणि एका दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला. मी चादरी पोचवायला गेलो होतो, तो तिथेच रेंगाळलो. फुकटची शिकवणी कोण सोडतो?

"मावशी, नीट ऐक. दोन प्रकार असतात. एक स्टॅटिक, एक डायनॅमिक."

"शिव्या देतोयस का रे?"

"अगं ऐक तर. स्टॅटिक म्हणजे दारावरची पाटी. एकदा लिहिली की लिहिली. नाव, फोटो, फोन नंबर, कुठल्या फाटकातून यायचं ते. कोणीही, कधीही बघितलं तरी तेच दिसणार. झटकन उघडते, थोडक्यात होते, बिघडायला तिच्यात काही नसतं."

"मग झालं की काम," मी म्हणालो.

"काका, तुम्ही जरा थांबा. आता डायनॅमिक. म्हणजे पाटीमागे बसलेला माणूस. कुठली खोली रिकामी, कुठली भरलेली, ते आत्ताच्या आत्ता सांगणार. खोली देणार, नोंद करून ठेवणार. पण त्याला स्वतःला काही दिसत नाही. कोण आलं, कोण गेलं, ते तू रोज सांगायचं. नाही सांगितलंस तर तो आपलं जुनंच घोकत बसणार."

काकूंनी क्षणभरही विचार केला नाही. "पाटी कर. नंबर मोठ्या अक्षरात टाक. लोक फोन करतील, मी या म्हणेन."

"आणि खोली नसली तर?"

"तरी या म्हणेन. आल्यावर बघू."

मास्तरने कपाळावर हात मारला. "मावशी, आजारी माणूस गाडीत घालून निघालेला माणूस फोन लावत बसत नाही. त्याला खोली आहे की नाही ते दिसायला हवं. बोट लावलं, खोली मिळाली, एक काळजी मिटली. हे पाटीवर होत नाही. आणि तुझ्या दिरांना घर भरलेलं बघायचंय ना? मग?"

पोराचं म्हणणं काही खोटं नव्हतं. मी पाटीच्या बाजूचा, पण मी अजून बिलं हाताने लिहितो, मला कोण विचारतंय? काकू बराच वेळ टेबलावरचा एक डाग नखाने खरवडत बसल्या. मग म्हणाल्या, "कर बाबा तुझा तो पाटीमागचा माणूस."

वेबसाइट झाली ती खरंच देखणी झाली. काकूंच्या हट्टापायी खोल्यांना नंबर नव्हतेच, रंगांचीच नावं. प्रत्येक खोलीपुढे एक टिकली. रिकामी असेल तर हिरवी, भरलेली असेल तर लाल. आणि काय सांगू, लोक यायला लागले. फळा रिकामा आणि घर भरलेलं. माझे हात कोपरापर्यंत साबणात. काकू दारात उभ्या राहून मला रस्त्यापलीकडून ओरडून सांगायच्या, "लॉन्ड्रीवाले, आज सगळ्या लाल!" मी म्हणायचो, "मग माझ्या पाठीला मालिश पाठवून द्या!" तेवढे दिवस आम्ही सगळेच हवेत होतो.

घोडं अडलं ते जायच्या तारखेपाशी. बुकिंगच्या पानावर यायची तारीख आणि जायची तारीख, दोन्ही टाकल्याशिवाय पान पुढे सरकत नसे. मोबाइलवरून खोली घेणारे आपल्या मनाने तारीख टाकायचे. एका मुलीने अशीच टाकली होती. तिची आई अतिदक्षता विभागात होती. तिला वाटलं, तेवढ्यात आई बरी होईल. आई काही त्या तारखेला बरी झाली नाही. पण पाटीमागच्या माणसाने तारीख पाळली, टिकली हिरवी केली आणि खोली दुसऱ्यांना देऊन टाकली. सकाळी एक अख्खं कुटुंब बॅगा घेऊन दारात, आणि वर ती मुलगी केस विंचरतेय. तिला कळलं तेव्हा ती कपडे पिशवीत भरायला लागली. काकूंनी तिच्या हातातून पिशवी काढून घेतली, कुटुंबाला स्वतःची खोली दिली आणि आपण स्वयंपाकघरात गादी टाकली.

मग मास्तरला बोलावणं गेलं. "तारखेचा तो रकाना काढून टाक," काकू म्हणाल्या.

"अगं, तो काढला तर खोली पुन्हा कधी द्यायची ते कळणार कसं?"

"मी सांगेन."

मास्तरने डोकं खाजवलं आणि तोड काढली. तोड शहाणपणाचीच होती. आलेल्या प्रत्येकाची जायची तारीख काकूंनी आपल्या फोनवरून पुढे ढकलायची, थेट पुढच्या वर्षाच्या अखेरीला. म्हणजे कोणाला बाहेर काढायची भीती नाही. आणि खोली सुटली की 'मुक्काम संपला' असं बटण दाबायचं. दाबलं की टिकली हिरवी.

काकूंना हे पसंत पडलं. त्या प्रत्येकाची तारीख लांबवायच्या आणि चेहऱ्यावर असा भाव, जसं काही डॉक्टरांकडूनच मुदत वाढवून आणली. कोणी पेशंटला बरं करून घरी घेऊन निघालं की मला बोलावून बटण दाबायच्या. "बघा, निळी मोकळी. पोरगं स्वतःच्या पायांनी जिना उतरलं!" ते बटण त्या असं दाबायच्या की फोनला भोक पडेल.

पण हॉस्पिटल आहे. सगळेच काही जिना उतरून घरी जात नाहीत.

पिवळ्या खोलीत एक म्हातारे होते. बायकोसाठी रोज सफरचंद किसून न्यायचे. कीस काळा पडू नये म्हणून डबा छातीशी धरून जवळजवळ पळतच फाटकापर्यंत जायचे. एके दिवशी डबा तसाच घेऊन परत आले. किल्ली काकूंच्या हातात दिली, तिची पिवळी चिंधी उगाच सारखी केली आणि मुलाबरोबर गाडीत बसून गेले. दुपारी मी बघतो तर काकू जिन्याच्या पायरीवर फोन घेऊन बसलेल्या. मी हाक मारली, "काकू, चष्मा नाही का सापडत?" त्यांनी हात हलवला आणि फोन पदराखाली ठेवला. चादर आली ती घडीच्या रेघांसकट.

पुढे चादरी कमी व्हायला लागल्या. आधी थोड्या, मग फारच. मला वाटलं, काकूंनी धुलाई दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. माझ्या नाकावर राग कायमचाच, त्याला आमंत्रण लागत नाही. चौकातल्या मशीनवाल्याने दर पाडले होते, हे मला ठाऊक होतं. मी तरातरा रस्ता ओलांडला आणि दारातच सुरू झालो. "काकू, इतकी वर्षं तुमचे डाग काढले. एक शब्द तोंडावर सांगितला असता तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं?"

काकू शेगडी पुसत होत्या. शेगडी आधीच लखलखत होती. "माणसंच नाहीत हो," त्या म्हणाल्या. "चादरी कुठून येणार?"

मी फळ्याकडे पाहिलं. दोन सोडल्या तर सगळ्या किल्ल्या जागेवर. मला खोटं वाटलं. मी माझा फोन काढला, वेबसाइट उघडली. सगळ्या टिकल्या लाल. वर मोठ्या अक्षरात, 'सध्या एकही खोली शिल्लक नाही.' मी फोन त्यांच्यापुढे धरला. "हे काय?" काकूंनी एकदा बघितलं आणि पुन्हा शेगडी पुसायला लागल्या. भांडायला आलो होतो, तो तिथल्या स्टुलावर बसून राहिलो.

मास्तर दुसऱ्या दिवशी आला. आल्या आल्या त्याने लॅपटॉप उघडला आणि त्याचा आवाज चढला. "मावशी, ही माणसं तर महिन्या-महिन्यांपूर्वी खोली सोडून गेलीत! तू बटणच दाबलं नाहीस? अगं, बाहेरच्या जगाला वाटतंय आपलं घर खचाखच भरलंय. कोण कशाला येईल?"

"दाबलं की. घरी गेलेल्यांचं दाबलं."

"मग हे कोण?"

काकूंनी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसल्या. "पिवळी. ते सफरचंदवाले. त्यांची बायको. दाबायला गेले तर तुझ्या त्या पाटीमागच्या माणसाने विचारलं, 'मुक्काम संपला. खात्री आहे का?' आणि खाली होय आणि नाही. मी नाही दाबलं." मग बोट पुढच्या टिकलीवर. "चौकटीची. हिचा नवरा, तिशीतला. हिरवी खोली, हे बाळ होतं, नावसुद्धा ठेवलं नव्हतं. निळी..."

तो 'खात्री आहे का' हा प्रश्न, बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून, मास्तरनेच घातला होता. सगळेच घालतात.

"मला वाटलं, एखाद्या खोलीने काय होतंय," काकू म्हणाल्या. "मग दुसरी झाली. मग मला ते उघडूनच बघवेना. बाहेर सांगायचं काय रे, की त्यांचं संपलं? ते तर मी त्यांच्या तोंडावर कधी विचारलं नाही."

"आता दाबू मी?"

"तू दाब. मला होत नाही."

त्याने एकेक दाबायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी तो प्रश्न यायचा आणि प्रत्येक वेळी तो होय म्हणायचा. पिवळीपाशी त्याचा हात थांबला, मग त्याने तीही दाबली. राहत्या दोन सोडून सगळ्या टिकल्या हिरव्या झाल्या. काकू उठल्या आणि बाहेर जाऊन दारात पाठ करून उभ्या राहिल्या. मी इतक्या लोकांची गाऱ्हाणी काउंटरवर ऐकतो, मला वाटायचं आपण आता निबर झालो. त्या दिवशी मला तिथे बसवेना. मी दुकानात परत आलो.

त्याच आठवड्यात तीन खोल्या लागल्या. मास्तरने रोज स्वतः लक्ष ठेवायचं कबूल केलं. काकू पुन्हा पडदे झटकायला लागल्या, आणि मीही मूर्खासारखा जास्तीचा साबण आणून ठेवला.

दीर आले ते महिनाअखेरीला, त्यांनी दिलेलं वर्ष भरत आलं तेव्हा. त्यांना जिना चढवत नव्हता, म्हणून दारातच खुर्ची दिली. "वहिनी, मी मध्ये एकदा येऊन गेलो," ते म्हणाले. "तुम्ही बाजारात गेला होता. हा फळा बघितला. किल्ल्याच किल्ल्या. मग मी कोणाला काही विचारलं नाही."

"आता लागायला लागल्या आहेत," काकू म्हणाल्या.

"मी शब्द दिलाय हॉस्पिटलला. त्यांना गाड्या लावायला जागा हवी आहे. माझा अर्धा भाग जिन्याकडचा. जिना गेल्यावर तुमच्या वरच्या खोल्यांना काय शिडी लावणार?" त्यांनी गुडघ्यावर हात दाबून धरला होता. "तुम्ही मला एका शब्दाने कळवलं असतंत तर थांबलो असतो. खरंच थांबलो असतो."

मला त्यांचा राग यायला हवा होता. मी बराच प्रयत्न केला, पण आला नाही. त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं त्यावर विश्वास ठेवला. मीही तेच करतो. रिकामं घर लाल दिसत होतं आणि लोक लांबूनच दुसरीकडे जात होते. घर पुन्हा भरायला लागलं तेव्हा ते देऊन झालं होतं. काकूंनी वाद घातला नाही. दिरांना चहा दिला आणि गाडीपर्यंत हात धरून पोचवलं.

जे उतरले होते त्यांना मात्र काकूंनी कोणालाही जायला सांगितलं नाही. हॉस्पिटलच्या ऑफिसातून फोन यायचे, काकू म्हणायच्या, "माणसं आहेत अजून." नवीन कोणाला घ्यायचं बंद झालं. एकेक खोली आपल्या आपण सुटत गेली, कोणती कशी ते मी चादरींवरून ओळखलं, काकूंना विचारलं नाही. शेवटी निळ्या खोलीतला एक बाप आपल्या मुलीला चाकांच्या खुर्चीतून घेऊन निघाला. मुलगी हसत होती. काकूंनी तिच्या मांडीवर खाऊचा पुडा ठेवला आणि ती गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिल्या. ते एक बरं झालं.

मग मास्तर पुन्हा त्या टेबलाशी बसला. "मावशी, वेबसाइटचं काय करू? काढून टाकू?"

"आता पाटी कर," काकू म्हणाल्या. "लिही, गेस्ट हाउस बंद झालं आहे. आणि खाली नंबर ठेव."

"बंद झालं तर नंबर कशाला?"

"हॉस्पिटल बंद झालंय का? लोक विचारतील. कुठे खोली मिळेल ते सांगेन तरी."

त्याने लिहिलं. एक पान, दोन ओळी, मोठ्या अक्षरात नंबर. टिकल्या नाहीत, रंग नाहीत, तारखेचा रकाना नाही. काकूंना पहिल्या दिवशी हवी होती तशीच झाली. मी आता कधीकधी उघडून बघतो. झटकन उघडते.

घर मोजायला ऑफिसातला एक तरुण आला. नवखा, सभ्य पोरगा. टेप गुंडाळून त्याने पेन काढलं आणि हातातल्या कागदावर टेकवून विचारलं, "काकू, तुम्हाला निघायला किती दिवस लागतील?"

मी पलीकडून बघत होतो. मला वाटलं, धावत जावं आणि त्या पोराच्या तोंडावर हात ठेवावा. त्याचा काय दोष? त्याच्या कागदावर तसा रकाना असणार. काकूंनी त्याच्या पेनकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दोन दिवस."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या काउंटरशी आल्या. हातात एक पिशवी. सगळ्या किल्ल्या आधीच ऑफिसात दिलेल्या, चिंध्या तेवढ्या सोडवून आणलेल्या. त्या त्यांनी काउंटरवर ठेवल्या. पिवळी, निळी, हिरवी, वकिलाच्या शर्टाची चौकट. "या तुमच्याच," त्या म्हणाल्या. मग अपराध्यासारख्या खाली बघून म्हणाल्या, "दोन दिवस म्हणाले होते. एकच लागला."

मी घाईघाईने स्टूल पुढे ओढलं. "बसा काकू. बसा ना."

"नको हो. भाचा गाडीत थांबलाय." त्यांनी पिशवीतून एक चादर काढली. "ही माझ्या पलंगावरची. धुवून ठेवा, सावकाश. न्यायला कोणी येणार नाही बहुतेक."

गाडी चौकात वळल्यावर मी ती चादर उलगडली. घडीच्या रेघा तशाच होत्या. मी टाकीत पाणी सोडलं आणि ती धुवायला घेतली.